तीस जूनचा बाजार: फुटबॉल क्लबांच्या खर्चाचे नियम नेमके काय मोजतात?

डावा बॅक (धागाकर्ता)

जून 2024च्या शेवटच्या दहा दिवसांत इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये जी देवाणघेवाण झाली, ती पाहिल्यापासून हा धागा काढायचे मनात होते. चेल्सीने आपल्या अकादमीत घडलेला बचावपटू इयान मात्सेन ॲस्टन व्हिलाला 3.75 कोटी पौंडांना विकला आणि त्याच सुमारास व्हिलाकडून ओमारी केलिमन हा अठरा वर्षांचा मुलगा 1.9 कोटी पौंडांना विकत घेतला. केलिमन तोवर व्हिलाच्या वरिष्ठ संघाकडून मोजकेच सामने खेळला होता. व्हिलाने टिम इरोएगबुनाम एव्हर्टनला दिला आणि एव्हर्टनकडून लुईस डॉबिन घेतला. न्यूकॅसलने एलियट अँडरसन सुमारे 3.5 कोटींना नॉटिंगहॅम फॉरेस्टला दिला आणि फॉरेस्टकडून ओडिसियास व्लाकोदिमोस हा गोलरक्षक सुमारे 2 कोटींना घेतला. पुढच्या हंगामात लीगच्या एकाही सामन्यात हा गोलरक्षक न्यूकॅसलसाठी उतरला नाही.

फुटबॉलच्या दृष्टीने पाहिले तर या व्यवहारांचा अर्थ लागत नाही. हिशेबाच्या वहीतून पाहिले तर लगेच लागतो. बहुतेक क्लबांचे आर्थिक वर्ष 30 जूनला संपते. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत क्लब एकाच वर्षी खर्चात दाखवत नाही, तर कराराच्या वर्षांत वाटून टाकतो. 2 कोटींचा खेळाडू चार वर्षांच्या करारावर घेतला, तर दर वर्षाच्या वहीत 50 लाखच पडतात. विक्रीचा नफा मात्र विकला त्याच वर्षी पूर्ण जमा होतो, आणि तो मोजताना खेळाडूची उरलेली पुस्तकी किंमत, म्हणजे किमतीचा अजून खर्चात न पडलेला भाग, वजा केली जाते. जो मुलगा लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढला, त्याच्यासाठी कोणी काही मोजलेलेच नसते, म्हणून त्याची पुस्तकी किंमत शून्य असते आणि त्याच्या विक्रीचा जवळजवळ प्रत्येक पौंड नफ्यात जातो. दोन क्लबांनी असे दोन मुलगे एकमेकांना विकले, तर प्रत्यक्षात पैसा फारसा हलत नाही, पण दोन्ही वह्यांत त्या वर्षापुरता नफा उमटतो. खर्च पुढच्या वर्षांवर ढकललेला असतो. कागदी घोडे नाचवणे म्हणतात ते हेच, फक्त इथे घोड्यांऐवजी तरुण मुले आहेत.

याच्या मुळाशी असलेला नियम, म्हणजे नफाक्षमता आणि शाश्वतता यांचा नियम, बोलण्यात ‘पीएसआर’ म्हणून ओळखला जातो. तो 2013पासून लागू आहे. त्यानुसार प्रीमियर लीगच्या क्लबाला तीन हंगामांत मिळून 10.5 कोटी पौंडांपर्यंत तोटा चालतो. मात्र त्यातील 1.5 कोटींच्या वरचा भाग मालकाने भागभांडवल घालून भरून काढला पाहिजे. एखाद्या वर्षी क्लब दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये असेल, तर त्या वर्षाची मर्यादा 3.5 कोटींवरून 1.3 कोटींवर येते. अकादमी, महिला संघ, स्टेडियमचे बांधकाम आणि समाजोपयोगी कामे यांवरचा खर्च तोट्यातून वगळला जातो. नियमाचा हेतू चांगला आहे, हे मी आधीच मान्य करून टाकतो.

माझा आक्षेप असा आहे की हा नियम तोटा मोजतो. क्लब बुडण्याचा धोका मोजत नाही. वर्षाअखेरीस एक आकडा विशिष्ट रेषेच्या आत बसला की क्लब निर्दोष ठरतो, मग तो आकडा बसवण्यासाठी त्याने काय विकले याची चौकशी होत नाही. आणि विकायला सर्वांत सोयीचा माल कोणता, तर अकादमीतून आलेला स्थानिक मुलगा. ज्या अकादमीवरचा खर्च नियमाने वगळून प्रोत्साहन दिले, तिच्यातून बाहेर पडलेला खेळाडू संघात ठेवणे हेच वहीच्या दृष्टीने महाग पडते. अँडरसन न्यूकॅसलजवळच वाढलेला. त्याला जाऊ द्यावे असे तिथे कोणाच्या मनात होते, असे मला तरी वाटत नाही.

जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

ताळेबंद

धागा आवडला. माझे रोजचे काम हिशेब तपासणीचे आहे, त्यामुळे एका मुद्द्यावर थोडे थांबतो. खेळाडूची किंमत करारात वाटून टाकण्याची पद्धत ही क्लबांनी शोधलेली पळवाट नाही. युरोपीय न्यायालयाच्या बॉसमन निकालानंतर, म्हणजे डिसेंबर 1995नंतर, करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ शकतो हे ठरले, तेव्हा त्याची किंमत करार संपेपर्यंत शून्यावर आणणे हाच प्रामाणिक हिशेब ठरतो. कारखान्यातील यंत्राचा घसारा आपण जसा काढतो, तसेच हे आहे. गडबड होते ती कराराची लांबी ताणल्यावर.

चेल्सीचे उदाहरण घ्या. मे 2022मध्ये क्लब नव्या मालकांकडे गेला आणि जानेवारी 2023मध्ये एन्झो फर्नांडिस 10.68 कोटी पौंडांना आला. त्याचा करार साडेआठ वर्षांचा होता. ही रक्कम साडेआठांनी भागली तर दर वर्षी सुमारे 1.26 कोटी वहीत पडतात. पाच वर्षांनी भागली तर 2.14 कोटी. एका खेळाडूमागे वर्षाला जवळपास 90 लाखांची जागा मोकळी झाली, आणि असे लांब करार चेल्सीने एकट्या फर्नांडिसशी केलेले नव्हते. त्यानंतर युरोपीय फुटबॉलची नियामक संघटना यूएफाने हा कालावधी कमाल पाच वर्षे धरायचा असे ठरवले आणि डिसेंबर 2023मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनीही तेच मान्य केले. आधीचे करार मात्र जसेच्या तसे राहिले.

आता यातली मेख पाहा. लांब करारामुळे वार्षिक खर्च कमी दिसतो, पण पुस्तकी किंमतही सावकाश उतरते. खेळाडू अपयशी ठरला आणि तीन वर्षांनी पडत्या भावात विकावा लागला, तर उरलेली मोठी पुस्तकी किंमत एकदम तोट्यात येते. तेव्हा ही युक्ती फुकटची नाही. ती उद्याच्या संघावर काढलेली उचल आहे.

निळा मफलर

मी एव्हर्टनचा चाहता आहे, तेव्हा माझ्या म्हणण्यात थोडा राग असेल तर समजून घ्यावे. नोव्हेंबर 2023मध्ये आमचे 10 गुण कापले गेले. 2021-22पर्यंतच्या कालावधीत आमचा तोटा 12.45 कोटी पौंड निघाला, म्हणजे मर्यादेपेक्षा 1.95 कोटी जास्त. फेब्रुवारी 2024मध्ये अपिलात ही कपात 6 गुणांवर आली आणि एप्रिलमध्ये पुढच्या कालावधीसाठी आणखी 2 गुण गेले. एकाच हंगामात दोन वेळा शिक्षा झाली आणि गुणतक्ता तीनदा बदलला. शनिवारी सामना जिंकून जे मिळवायचे, ते सोमवारी कोणत्या तरी आयोगाच्या निकालपत्रात जायचे, अशी आमची अवस्था होती.

आमच्या व्यवस्थापनाने वाट्टेल तसा खर्च केला, याबद्दल माझी तक्रार नाही. तो केलाच होता. पण फेब्रुवारी 2023मध्येच मँचेस्टर सिटीवर शंभराहून अधिक आरोप ठेवले गेले होते, ज्यांतले सर्वांत जुने 2009-10च्या हंगामापासूनचे आहेत, आणि त्यांची सुनावणी सुरू व्हायला सप्टेंबर 2024 उजाडला. आम्ही आकडे स्वतः दिले आणि मर्यादा ओलांडल्याचे शेवटी कबूलही केले, म्हणून आमचा निकाल काही महिन्यांत लागला. जो प्रत्येक कागदावर भांडतो, त्याला वेळ मिळतो. सिटीने काही केले किंवा केले नाही, हे मी ठरवत नाही, आणि त्यांनी सर्व आरोप नाकारले आहेत. पण कबुली देणाऱ्याला आधी शिक्षा, हा धडा बाकीच्या क्लबांनी घेतला नसेल असे कोणी म्हणेल का?

उत्तर स्टँड

निळा मफलर, तुमची व्यथा कळते, परंतु एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. ज्या कालावधीसाठी एव्हर्टनला शिक्षा झाली, त्याचा शेवटचा हंगाम 2021-22 हा होता. त्या हंगामात एव्हर्टन 39 गुणांवर राहिला आणि बर्नली 35 गुणांवर खालच्या श्रेणीत गेला. अपिलानंतरचे 6 गुण त्याच हंगामात वजा झाले असते, तर एव्हर्टन 33वर आला असता. बर्नली वाचला असता.

प्रत्यक्षात शिक्षा दोन हंगामांनंतर लागू झाली आणि 8 गुण गमावूनही एव्हर्टन 40 गुणांसह सहज टिकला. वरातीमागून घोडे यालाच म्हणतात. ज्याचे नुकसान झाले त्याला काही मिळाले नाही, आणि ज्याला शिक्षा झाली त्याचेही श्रेणीच्या दृष्टीने काही बिघडले नाही. एका श्रेणीने खाली जाण्यात टीव्हीच्या पैशांतला किती मोठा हिस्सा जातो, हे या धाग्यावरच्या मंडळींना सांगायला नको. त्यासाठीच 2023-24च्या हंगामापासून हिशेब लवकर मागवण्याची आणि त्याच हंगामात निकाल लावण्याची पद्धत आणली गेली, आणि म्हणूनच नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या प्रकरणात आयोगाचा निकाल मार्च 2024मध्येच लागला.

शून्य-शून्य

फॉरेस्टचे प्रकरण या धाग्यासाठी एव्हर्टनपेक्षा जास्त उपयोगी आहे असे मला वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फॉरेस्ट 2022मध्ये वरच्या श्रेणीत आला. तीन हंगामांपैकी दोन चॅम्पियनशिपमधले असल्याने त्यांची मर्यादा 1.3, 1.3 आणि 3.5 अशी मिळून 6.1 कोटी पौंड होती. ती त्यांनी 3.45 कोटींनी ओलांडली. त्यांचा बचाव ब्रेनन जॉन्सन या एका खेळाडूभोवती फिरत होता. जॉन्सन नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला आणि क्लबच्या अकादमीतला. म्हणजे पुस्तकी किंमत शून्य. क्लबाने त्याच्यासाठी आलेल्या आधीच्या कमी बोली नाकारल्या, उन्हाळाभर थांबून तो 1 सप्टेंबर 2023 रोजी टॉटनहॅमला 4.75 कोटी पौंडांना विकला, आणि आयोगापुढे सांगितले की जूनअखेर घाईने कमी किमतीत विकण्यापेक्षा दोन महिने थांबून जास्त पैसे आणणे हेच आर्थिक शिस्तीचे लक्षण आहे. आयोगाने ते मानले नाही. हिशेबाचे वर्ष 30 जूनला संपते, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होते, असे त्याचे म्हणणे पडले, आणि 4 गुण कापले गेले.

मला यात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. मुदत ही मुदत असते. प्रत्येक क्लब ‘आम्ही चांगल्या भावासाठी थांबलो’ म्हणू लागला, तर नियमच उरत नाही. पण ज्या नियमाचे नाव नफाक्षमता आणि शाश्वतता यांवरून ठेवले आहे, त्याने जास्त नफा कमावणाऱ्या निर्णयाला शिक्षा केली, हेही तितकेच खरे आहे. आणि गंमत पाहा: जून 2023मध्ये मुदत चुकवल्याबद्दल ज्यांना दंड झाला, तेच फॉरेस्ट जून 2024मध्ये न्यूकॅसलची मुदत पाळण्यासाठी मदतीला धावून आलेले दिसतात. तो व्यवहार त्यांना चांगलाच लाभला. अँडरसन पुढे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात गेला.

रंगीत तालीम

सगळी चर्चा प्रीमियर लीगच्या श्रीमंत क्लबांभोवती चालली आहे. या नियमांची गरज ज्यांना खरोखर होती, त्यांची आठवण काढतो.

बरी एफसी 1885 साली स्थापन झालेला क्लब. 1900 आणि 1903 अशी दोनदा एफए कप जिंकलेला. 1903च्या अंतिम सामन्यात त्यांनी डर्बी काउंटीला 6-0 असे हरवले होते. डिसेंबर 2018मध्ये हा क्लब एका पौंडाला विकला गेला. पुढच्या वसंतात खेळाडूंचे पगार थकलेले असतानाही संघाने वरच्या श्रेणीत बढती मिळवली. 27 ऑगस्ट 2019 रोजी खरेदीदार येणार या आशेने चाहते गिग लेन मैदानावर जमून खुर्च्या पुसत होते, आवार झाडत होते, कारण महिन्याभराहून अधिक काळ तिथे सामनाच झाला नव्हता. खरेदीदार मागे फिरला आणि त्याच रात्री क्लबाला लीगमधून काढून टाकण्यात आले.

त्या श्रेणीतही खर्चाचा नियम होता, बरे का. पगारांवर उलाढालीच्या प्रमाणात मर्यादा होती. परंतु मालकाने भांडवल म्हणून घातलेला पैसाही त्या उलाढालीत धरला जाई. मालक पैसे घालतो तोवर पगार वाढवत न्या, आणि तो थांबला की करार तसेच उरतात, पैसे नाहीत. नियमाच्या चौकटीत सर्व काही बसलेले असूनही क्लब बुडू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्यापाशी नाही. डावा बॅक म्हणतात तो धोका मोजण्याचा मुद्दा मला म्हणूनच पटतो.

ताळेबंद

रंगीत तालीम यांच्या प्रतिसादाला जोडून डर्बी काउंटीचा उल्लेख करतो, कारण ते बरी आणि चेल्सी यांच्या मधोमध बसते. डर्बीने 2018मध्ये आपले प्राइड पार्क हे स्टेडियम मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला सुमारे 8.1 कोटी पौंडांना विकले आणि मग भाड्याने घेतले. वहीत नफा झाला. शिवाय खेळाडूंच्या किमती करारात समान वाटण्याऐवजी त्यांनी स्वतःची वेगळी पद्धत वापरली, ज्यात खर्चाचा मोठा भाग कराराच्या शेवटाकडे सरकत असे. पुढे मालकाने हात आखडता घेतला. 2021-22च्या हंगामात, क्लब कर्जबाजारी होऊन प्रशासक नेमला गेल्याबद्दल 12 आणि हिशेबाच्या प्रकरणात 9 असे 21 गुण कापले गेले. वेन रूनी तेव्हा संघाचा व्यवस्थापक होता. संघ मैदानावर चिवटपणे खेळला, तरी खाली गेला.

आपलेच स्टेडियम आपल्यालाच विकण्याची युक्ती शेफील्ड वेन्सडे आणि ॲस्टन व्हिला यांनीही केली होती. दुसऱ्या श्रेणीतल्या लीगने नंतर ही वाट बंद केली. प्रीमियर लीगमध्ये ती उघडी राहिली आणि चेल्सीने दोन हॉटेले आपल्याच समूहातील कंपनीला 7.65 कोटी पौंडांना, तर पुढे महिला संघ मूळ कंपनीला विकून जवळपास 20 कोटींचा नफा दाखवला. डाव्या खिशातले उजव्या खिशात गेले. यूएफाने मात्र अशा घरगुती विक्रीचा नफा ग्राह्य धरला नाही, आणि जुलै 2025मध्ये चेल्सीला 3.1 कोटी युरोंचा दंड झाला. नियम पुन्हा मोडल्यास भरावी लागणारी रक्कम वेगळीच. एकच वही, एकच व्यवहार, आणि दोन नियामकांचे दोन अर्थ.

उंच खांब

सर्वांनी नियम कडक करण्याचीच भाषा केली आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

1995मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स इंग्लंडचा विजेता झाला, तो पोलादाच्या व्यवसायात पैसा कमावलेल्या जॅक वॉकर या स्थानिक उद्योगपतीमुळे. आजच्या नियमांत ते शक्यच झाले नसते. ज्या क्लबाचे उत्पन्न आधीच प्रचंड आहे, त्याला प्रचंड खर्च करायची मुभा. ज्याचे कमी आहे, त्याला मालक कितीही श्रीमंत असला तरी हात बांधलेले. न्यूकॅसल ऑक्टोबर 2021मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीकडे गेला. मालकापाशी पैशांची कमतरता नाही, तरीही जून 2024मध्ये त्यांना अँडरसन विकावा लागला. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे, पण अंथरूण मोठे करायचीच बंदी असेल तर त्याला शिस्त का म्हणायचे? यूएफाने 2010मध्ये हे नियम मंजूर केले, तेव्हापासून वरच्या टेबलावर बसलेल्यांच्या खुर्च्या पक्क्या करण्याचेच काम जास्त झाले, असे माझे मत आहे.

पॅरिसचे काय झाले तेही आठवा. 2014मध्ये मँचेस्टर सिटी आणि पॅरिसचा क्लब पीएसजी या दोघांना प्रत्येकी 6 कोटी युरोंचा दंड झाला, त्यातील 4 कोटी सशर्त स्थगित. तीन वर्षांनी त्याच पीएसजीने नेमारसाठी 22.2 कोटी युरो मोजले. म्हणजे ज्यांना रोखायचे होते ते थांबले नाहीत, आणि मधले क्लब मात्र अडकले.

डावा बॅक (धागाकर्ता)

उंच खांब, तुमच्या पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे आणि त्याला माझ्यापाशी सोपे उत्तर नाही. फक्त एवढेच विचारतो, की ब्लॅकबर्नचे उदाहरण घेताना पोर्ट्समथचे का घेऊ नये? 2008मध्ये एफए कप जिंकला, फेब्रुवारी 2010मध्ये प्रशासकाच्या हाती जाणारा प्रीमियर लीगमधला पहिला क्लब ठरला, 9 गुण गेले, आणि मग घसरत चौथ्या श्रेणीपर्यंत पोहोचला. लीड्स 2001मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता आणि 2004मध्ये प्रीमियर लीगमधून बाहेर. पुढे युरोपात खेळून पैसा येईल या भरवशावर त्यांनी आधीच कर्ज काढले होते. अध्यक्षांच्या कार्यालयातले गोल्डफिशसुद्धा भाड्याने आणलेले होते, ही गोष्ट तेव्हापासून फुटबॉलमध्ये म्हणीसारखी वापरली जाते. मासे स्वस्तच होते. बुडवले ते पगारांनी.

उदार मालक टिकतो तोवर सर्व ठीक असते. म्हणून माझी सूचना अशी, की मालकाला खर्च करू द्यावा, पण खेळाडूंच्या करारांची पूर्ण मुदत भरेल इतकी रक्कम त्याने आधीच बँकेत अडकवून ठेवावी. तो उद्या निघून गेला तरी पगार थकणार नाहीत. यामुळे चढाओढ समान होणार नाही हे मला मान्य आहे. परंतु चढाओढ समान करणे आणि क्लब वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एकाच आकड्याने दोन्ही साधण्याच्या नादात आपण दोन्हींत अर्धवट राहिलो आहोत.

उत्तर स्टँड

स्पेनचा अनुभव इथे नोंदवायला हवा. तिथे शिक्षा नंतर करण्याऐवजी हंगामापूर्वीच प्रत्येक क्लबाला संघावरील खर्चाची मर्यादा दिली जाते. मर्यादेत बसत नसेल तर खेळाडूची नोंदणीच होत नाही, मग तो कोणीही असो. ऑगस्ट 2021मध्ये लिओनेल मेस्सीला बार्सिलोना सोडावे लागले ते याच कारणाने. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला तर बार्सिलोनाची मर्यादा उणे 14.4 कोटी युरो अशी जाहीर झाली. उणे मर्यादा ही कल्पना ऐकूनच मी चक्रावलो होतो. मग त्यांनी येत्या 25 वर्षांच्या लीग प्रक्षेपण हक्कांतला 25 टक्के वाटा विकला आणि त्या पैशावर त्याच उन्हाळ्यात नवे खेळाडू आणले. आधीच अडवण्याची पद्धत बर्नलीसारखा अन्याय टाळते, हे खरे. पण पुढच्या पंचवीस वर्षांतले उत्पन्न आजच्या संघासाठी वापरणे ती अडवू शकली नाही.

रंगीत तालीम

जर्मनीचा विषय निघणारच, म्हणून मीच काढतो. तिथे 50+1 या नियमामुळे मतांचे बहुमत सभासदांच्या मूळ क्लबाकडे राहते. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्ग हे जुने अपवाद. 2023-24मध्ये लीगच्या प्रक्षेपण व्यवसायात बाहेरचा गुंतवणूकदार आणण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा चाहत्यांनी आठवड्यामागून आठवडे मैदानांत टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले, आणि फेब्रुवारी 2024मध्ये लीगने माघार घेतली. क्लब कोणाचा, या प्रश्नाचे इतके थेट उत्तर मी दुसरीकडे पाहिलेले नाही. अर्थात याच जर्मनीत बायर्न म्युनिक या क्लबाने 2013पासून 2023पर्यंत सलग अकरा विजेतेपदे घेतली. तेव्हा उंच खांब यांनी ‘पाहा, समानता कुठे आली’ असे लिहिण्याआधीच कबूल करतो.

उंच खांब

लिहिणारच होतो.

शून्य-शून्य

पुढे काय, यावर थोडेसे. यूएफाने 2022मध्ये नियम बदलले. आता मुख्य कसोटी आहे ती उत्पन्नाच्या प्रमाणात संघावरील खर्चाची: खेळाडू व प्रशिक्षकांचे पगार, खेळाडूंच्या किमतीचा वार्षिक हिस्सा आणि दलालांची फी मिळून 2023-24मध्ये 90 टक्के, पुढच्या वर्षी 80 आणि 2025-26पासून 70 टक्के. प्रीमियर लीगच्या क्लबांनीही नोव्हेंबर 2025मध्ये अशाच धर्तीचा 85 टक्क्यांचा नियम 2026-27पासून लागू करण्याचे ठरवले. तळाच्या क्लबाच्या उत्पन्नाशी सर्वांच्या खर्चाची कमाल रक्कम बांधण्याचा दुसरा प्रस्ताव त्याच वेळी फेटाळला गेला, आणि माझ्या मते खरी समानता त्यातच होती. टक्केवारीचा नियम मोठ्या उत्पन्नाला मोठाच वाटा देतो; उंच खांब यांची तक्रार तशीच उभी राहते.

दुसरीकडे, इंग्लंडमध्ये जुलै 2025मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला आणि वरच्या पाच श्रेणींतल्या 116 क्लबांना परवाना देणारा स्वतंत्र नियामक आला. स्टेडियम विकायचे तर त्याची परवानगी लागेल, मालकाच्या पैशाचा स्रोत तपासला जाईल, क्लब पुढे कसा चालणार याची योजना द्यावी लागेल. बरीच्या चाहत्यांना जे हवे होते, ते जवळपास हेच.

डावा बॅक (धागाकर्ता)

शून्य-शून्य, एक शंका. टक्केवारीच्या नियमाने 30 जूनचा बाजार थांबेल का?

ताळेबंद

मध्येच उत्तर देतो, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे. यूएफाच्या पद्धतीत खेळाडूविक्रीचा नफा एकाच वर्षाचा न धरता मागच्या तीन वर्षांवरून वर्षाची सरासरी काढून धरला जातो. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात एक मुलगा विकून अख्खे वर्ष सावरण्याची ताकद तिथे एक तृतीयांशावर येते. घाई कमी होईल. पण अकादमीच्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्यच राहणार, आणि सरासरी काढली तरी त्याच्या विक्रीएवढा नफा देणारी विक्री दुसरी नसणार. ते बदलायचे असेल, तर स्वतःच्या अकादमीतल्या खेळाडूचा पगार संघखर्चातून काही प्रमाणात वगळावा लागेल, म्हणजे त्याला ठेवण्यालाही वहीत काही किंमत येईल. अँडरसनच्या बाबतीत न्यूकॅसलच्या वहीत विकण्याच्या रकान्यात 3.5 कोटी होते, ठेवण्याच्या रकान्यात फक्त पगाराचा खर्च.